आईचा डावा गुडघा

आईचा डावा गुडघा बदलला त्याला वर्ष होत आलं, तरी ती रोज म्हणायची, "आतून ठणकतंय गं." सर्जननी एक्स-रे दाखवला, सांधा उत्तम बसलाय म्हणाले. मग आईसमोरच मला म्हणाले, "यांना दुखण्याची सवय झालीये. चालवा त्यांना."

मी चालवलं. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. रोज संध्याकाळी तीन मजले खाली आणि तीन वर. ती जिन्यात मध्येच बसायची आणि मी म्हणायचे, "आई, नाटकं पुरे." हे वाक्य माझं स्वतःचं. सर्जननी नव्हतं शिकवलं.

बारीक ताप यायला लागला तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, रक्त तपासलं आणि घोडबंदर रोडच्या एका सेंटरला स्कॅनसाठी पाठवलं. तिथल्या मुलीने आईचं रक्त काढून घेतलं. त्यातल्या पांढऱ्या पेशींना किरणोत्सारी औषध लावून त्या परत शिरेतून सोडतात. जिथे इन्फेक्शन असेल तिथे त्या गोळा होतात आणि मशीनला दिसतात, असं तिने समजावलं. फोटो त्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. "उद्यापर्यंत लहान बाळाला मांडीवर घेऊ नका, बाकी काही नाही," एवढंच ती म्हणाली.

माझा भाऊ तिथून दहा मिनिटांवर राहतो. मुक्काम त्याच्याकडेच ठरला होता. फोन केला तर म्हणाला, "ताई, बाळ आहे घरात. रिस्क कशाला?"

"अरे, वेगळ्या खोलीत झोपेल ती."

"नको ताई," म्हणून त्याने फोन ठेवला. मी आईला ट्रॅफिकमधून कोपरला आणलं, तीन मजले चढवलं, सकाळी पुन्हा उतरवलं.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. करड्या पायात गुडघ्याभोवती काळाकुट्ट डाग. "हे बऱ्याच महिन्यांचं असणार," ते म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती. मी स्क्रीनकडेच बघत राहिले.

बसवलेला सांधा काढावा लागला. काही महिने आत औषधी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, मग पुन्हा ऑपरेशन. जुन्या सर्जनना रिपोर्ट दाखवायला गेले. "होतं असं कधीकधी," म्हणाले आणि कागद न उलटताच परत दिले.

आता ती वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते. दुखतंय का विचारलं की म्हणते, "नाही गं, बरं आहे." चेहऱ्यावर दिसतं, दुखतंय. पण मला सांगणं तिने बंद केलंय.