टोकियोची ओहोटी

कुठेही गेलं तरी पाणी आत कुठून येतं आणि बाहेर कुठून जातं, एवढंच पाहून परत येणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच असेल, आणि तो म्हणजे माझे मोठे मामा. हे मी कौतुकाने म्हणते आहे की दमून, ते माझं मलाच नीट सांगता येत नाही. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी ते हॉलमागचं गटार बघतात. खारघरच्या मॉलमधल्या कारंज्यापाशी त्यांनी सुरक्षारक्षकाला, "या पान्याचा उतार कुठं हाय?" असं इतक्या कळकळीने विचारलं, की त्या बिचाऱ्याने साहेबांना बोलावून आणलं. पावसाळ्यात पळस्प्याला रस्ता तुंबला की गाडीतले सगळे कपाळाला हात लावतात. मामा मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरतात आणि अनोळखी ट्रकवाल्यांना चर कुठे मारायला हवा ते समजावतात. ती दुमड पुन्हा उलगडायचं त्यांच्या कधीच लक्षात राहत नाही. त्यांच्या सगळ्या फोटोंत पोटऱ्या दिसतात.

यामागे त्यांचं मिठागर आहे, म्हणजे होतं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या लाकडी झडपेतून, आत घ्यायचं आणि उन्हात वाळवायचं, यात त्यांचं तारुण्य गेलं. भरतीची वेळ ते आजही घड्याळात बघत नाहीत. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. हा हिशेब त्यांनी मला पाढ्यांच्याही आधी शिकवला. मिठागर प्रकल्पात गेलं आणि घरामागे एक तळं तेवढं उरलं, जुन्या उघाडीसकट. निलेशदादाला, म्हणजे मामांच्या मुलाला, ते बुजवून तिथे क्रिकेटचं टर्फ करायचं होतं. दादा वाईट नाही. पण रोज जेवताना तोच विषय निघायचा आणि मामा ताटावरून उठायचे. शेवटी दादानेच मामा-मामींची जपानची सहल ठरवली. "फिरून या बाबा, मग बसून बोलू," म्हणाला. मामींच्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी या नात्याने ती जागा मला मिळाली. माझं इंग्रजी परीक्षेपुरतं आहे, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

जपानात मामांनी डोंगर, देवळं, बुलेट ट्रेन सगळं जांभया देत पाहिलं. हॉटेलातलं मीठ चाखून, "हे मीठ नाय, नुसती पांढरी पूड," असा निकाल दिला. चालून चालून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. मग शेवटच्या दिवशी आम्हाला एका जुन्या बागेत नेलं. टोकियोच्या मधोमध, समुद्राला लागून, काही शतकांपूर्वी कुणा सरदाराने करवलेली. टेकूवर उभी असलेली वाकडी पाइनची झाडं, तळ्यावर लाकडी पूल, मध्ये चहाघर, आणि भोवती काचेच्या उंचच उंच इमारती. आमची टूर लीडर म्हणाली, "या तळ्यात समुद्राचं पाणी येतं. ती बघा झडप."

मामा जागच्या जागी थांबले. "बाय, उघाडी!" ते ओरडले, आणि पँट दुमडली.

एवढ्या इमारतींच्या मधे कुणीतरी भरतीचं तळं राखून ठेवलं आहे, हे निलेशला दाखवलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. आज चतुर्थी, पाऊणपट तीन, म्हणजे आता तळं भरून वाहणार. बरोबर तीन वाजता त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. पण तळ्यात पाणी तळाला गेलेलं. काठचे दगड काळे, उघडे, आणि कडेला नुसता चिखल.

"बाबा, चिखल दाखवायला फोन केलात?" दादा हसला. "तो इथे पण आहे."

"थांब ना, भरती येऊ दे."

"कधी येणार?"

मामांनी बोटांवर तिथी पुन्हा मोजली. मी भीतभीत मोबाइलवर शोधलं. टोकियोत त्या दिवशी भरती रात्री आठला होती. "मामा, आपला हिशेब आपल्याच किनाऱ्याचा असतो वाटतं."

"नाय गो. हितला समुद्र चुकतंय."

बाग पाचला बंद होणार होती. मामा झडपेपाशी बसून राहिले आणि मी त्यांच्याशेजारी. टूरमधले काका दर थोड्या वेळाने, "अहो मीठवाले, चला! तुमच्यापायी बस निघेना," म्हणून हाका मारत होते. बंद व्हायच्या सुमारास झडपेतून पाण्याची एक बारीक रेघ आत आली आणि काठाशी पडलेलं वाळकं पान हळूच तळ्याकडे वळलं. "आली," मामा म्हणाले. मी घाईने फोन लावला. दादाने उचलला नाही.

टोपी घातलेली, बागेच्या कामावरची एक बाई येऊन कमरेत वाकली. मामांनीही हात जोडले आणि मला म्हणाले, "इचार तिला, हे बुजवा असं तुमच्यात कोनी बोलत नाय काय?" मी माझ्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. ती गोड हसली आणि तिने बाहेरची वाट दाखवली.

घरी पोचलो तेव्हा तळ्याच्या जागी लाल मुरूम होता. मामा सवयीने पँट दुमडून मागे गेले. मग वाकून त्यांनी पँटच्या दोन्ही दुमडी नीट उलगडल्या.

"तुम्हाला बघवलं नसतं बाबा, म्हणून..." दादा म्हणाला. मामा आता जेवताना उठून जात नाहीत.

टर्फ छान चाललंय. परवा कॉलेजातून थकून येत होते, तर मामांनी जाळीपाशी खुणेने बोलावलं. टळटळीत दुपार, मैदान रिकामं. एका कोपऱ्यातला हिरवा गालिचा काळपट, फुगलेला दिसत होता. दादा त्यावरून कंत्राटदाराला शिव्या घालत असतो. मामांनी अंगठ्याने तिथे दाबलं, वर आलेलं पाणी बोटाने जिभेला लावलं.

"खारं," ते म्हणाले. "आज बीज. पाऊणपट कर."

"दीड," मी म्हटलं, आणि घड्याळात पाहिलं. दीडला दहाच मिनिटं कमी होती.

"आपला समुद्र चुकत नाय गो." एवढं बोलून त्यांनी पँट दुमडली. मी चपला काढल्या, आणि ओहोटी लागेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो.