स्वतःचं नाव शिकवणारे मास्तर

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. बीडकडच्या आमच्या गावात मुलींची शाळा नव्हती, आणि मुलांच्या शाळेत मुलीला धाडावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमचे हे देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवे लागायच्या सुमारास यायचे. चिंचवड गावातल्या एका शेतकरी कुटुंबानं आपल्या गोठ्याला लागून खोल्यांची एक चाळ बांधली होती, तिथं आम्ही भाड्यानं राहत होतो. शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको असे दोघंच होते. मास्तरांना सगळे मास्तरच म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला काकू.

मास्तर कवी होते. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्यांनीच सांगितलं. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले की तुझं नशीब थोर, तुला शेजार कुणाचा मिळालाय ते तुला पुढे कळेल. मला वाटलं ज्योतिषी असावेत.

ते ओट्यावर येऊन नुसते खाकरले तरी चाळीतल्या पुरुषांना एकाएकी कामं आठवायची. कुणाला सायकलची हवा बघायची असायची, कुणाला गिरणीतून दळण आणायचं असायचं. स्टेशनाजवळचा चहावाला तर मास्तर लांबून दिसले की स्टोव्ह जोरात पेटवायचा, म्हणजे त्या आवाजात कविता ऐकू येऊ नये. मास्तरांना यातलं काही लागत नसे. त्यांचं म्हणणं असं, की लोक त्यांच्या तेजानं दिपतात आणि बाजूला होतात. पुण्यातले संपादक त्यांच्या कविता परत पाठवत, ती मत्सराची खूण. ते मुद्दाम पुण्यात राहत नव्हते. पुणं गाडीनं तासाभरावर, पण पुण्यानं आपल्याकडं यायला हवं, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी आपल्या कवितांचं पुस्तक स्वतःच छापून घेतलं होतं. त्याचे गठ्ठे खाटेखाली रचलेले असत, आणि काकू त्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या. पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर मास्तरांचा फोटो. फेटा, उपरणं, हनुवटीला टेकवलेलं बोट, आणि खाली त्यांचं पूर्ण नाव, कविनामासकट. मास्तर दाढी करून झाली की आरशात बघायचे आणि मग तो फोटो काढून ताडून बघायचे. आपण अजून तसेच दिसतो याची खात्री झाली की मगच चहा घ्यायचे.

एका रविवारी दुपारी नवी कविता घेऊन ते आमच्याकडे आले. ह्यांनी त्यांची चाहूल ओळखली आणि डोक्यावरून चादर ओढली. मास्तरांनी मग कविता मलाच वाचून दाखवली, आणि कशी वाटली म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की मला काही कळली नाही.

मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. रोग सापडलेल्या वैद्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"तरीच," ते म्हणाले. "तुझा दोष नाही, मुली. माझी कविता कानानं अर्धीच कळते. ती डोळ्यांनी वाचावी लागते. उद्यापासून दुपारची भांडी झाली की ओट्यावर यायचं."

चादरीखालून हे हसले ते मला दिसलं. पण संध्याकाळी ह्यांनीच स्टेशनाजवळून पाटी आणि पेन्सिल आणली. जा, म्हणाले, त्यांचा वेळ जाईल आणि तुला चार अक्षरं येतील.

आम्ही चौघी जमलो. चाळीतल्या दोघी, मी आणि आमच्या घरमालकीणबाई. त्या मूळच्या चऱ्होलीच्या, वयानं पोक्त, शेतातली कामं सुनांवर सोपवून शेंगा फोडायला म्हणून येऊन बसायच्या. मास्तरांनी अंकलिपी वगैरे आणलीच नाही. खाटेखालचं आपलं पुस्तक आणलं, फोटोचं पान उघडलं आणि खालच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, इथून सुरुवात. म्हणजे मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द म्हणजे मास्तरांचं नाव. ते चांगलं लांबलचक होतं, काना, मात्रा, वेलांट्या, एक जोडाक्षरसुद्धा होतं त्यात. चाळीतल्या दोघी आठवडाभरातच कंटाळून गेल्या. मालकीणबाई शेंगा फोडता फोडता मला हळूच म्हणाल्या, "ह्यो मानूस सोताच्याच पाया पडतोय बग." पण त्यांनी येणं सोडलं नाही.

नाव संपलं तसे आम्ही कवितांवर आलो. पहिली कविता मला अजून पाठ आहे.

मी उगवता मावळती तारे,
मी बोलता थांबती वारे.

पुढेही सगळं असंच होतं. सूर्य ते, सागर ते, गरुड ते. पण या कविता त्यांच्या होत्या म्हणूनच त्यांतलं एक अक्षरही चुकीचं उच्चारलेलं त्यांना खपत नसे. मी आमच्याकडच्या सवयीनं "मावळतीं" असं काही नाकात म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे. माझ्या ओळीची अशी मोडतोड करू नकोस, म्हणायचे. दहादा म्हणायला लावायचे. माझी जीभ वळली ती त्यांच्या या हट्टापायी.

आणि शिकवण्याची हातोटी विलक्षण. मला ड आणि इ यांत गोंधळ व्हायचा. त्यांनी काकूंकडून परातीत राख आणवली आणि माझा हात धरता येणार नाही म्हणून मालकीणबाईंना माझं बोट धरायला सांगितलं, आणि स्वतः समोरून हवेत अक्षर काढत राहिले. मी एकदा सहज बोलून गेले, की मला आईच्या जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. त्यांनी त्यातली एक म्हणायला लावली, ओव्यांमध्ये काव्य नसतं असं ठणकावून सांगितलं, आणि तीच ओवी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. वाच, म्हणाले. ओवी मला पाठ असल्यामुळे पुढचं अक्षर काय असणार ते आधीच कळत होतं, आणि वाचता वाचता माझी गती आपोआप वाढली. त्या एका दुपारी मी महिन्याभराचं अंतर तोडलं असेल. मास्तरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांचं लक्ष आपल्या पुढच्या कवितेकडे होतं.

आम्ही बायका पवनेच्या घाटावर धुणं धुवायला जायचो. माझा एक ठरलेला दगड होता, गुळगुळीत, थोडा उतरता. वर्षभर मी त्यावर कपडे आपटत होते. एका सकाळी साबणाचं पाणी ओसरलं आणि मला दगडावर अक्षरं दिसली. आधीही दिसली असतील, पण तेव्हा ती नुसत्या रेघा होत्या. मी लुगड्याच्या बोळ्यानं दगड पुसला आणि वाचू लागले. कुणीतरी हा घाट बांधवून दिला होता, त्याचं नाव, त्याच्या वडलांचं नाव आणि त्याची थोरवी. त्या थोर माणसाच्या नावावर मी वर्षभर ह्यांच्या विजारी आपटल्या होत्या. मला हसू आवरेना. शेजारणींनी विचारलं तेव्हा मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि सगळा घाट हसला. घरी येताना मात्र पाय जमिनीवर नव्हते. मी वाचलं होतं, कुणी सांगितल्याशिवाय.

पुढे ह्यांनी गावातल्या वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायला सुरुवात केली. वाचनालय म्हणजे एका खोलीतलं कपाट. त्यातून एकदा दुसऱ्या एका कवीचं पुस्तक आलं. त्यात एक कविता होती, सासरी आलेल्या मुलीला तिन्हीसांजेला माहेरचं अंगण आठवतं अशी. साधे शब्द, फार तर दहा ओळी. मी चुलीसमोर वाचायला बसले आणि भाकरी करपली. तेव्हा मला कळलं की कविता ही अशी असते, आणि त्याच क्षणी हेही कळलं की मास्तरांच्या कविता कविता नव्हेत.

मला कसंतरीच झालं, जणू मास्तरांचं काही चोरलं होतं. मी पुस्तक घेऊन काकूंकडे गेले. मास्तर फिरायला गेले होते. मी आडून आडून बोलत राहिले, पण काकूंनी ओळखलं.

"मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्या भाजी चिरत होत्या, हात थांबला नाही. "त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तरी त्यांना ऐकू जाणार नाही म्हणा. मला वाईट त्याचं नाही वाटत. त्यांच्या हाताखालून किती मुलं शिकून गेली, माहीत आहे? असं शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याची त्यांना काडीइतकी किंमत नाही. जे नाही त्याचा दिमाख, आणि जे आहे ते पायरीखाली."

काकू कधी एवढं बोलत नसत.

मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. सत्कार झाला पाहिजे असं त्यांनी ठरवलं, आणि दुसरं कुणी करणार नाही हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण सगळी तयारी त्यांनी स्वतःच केली. शाळेचा वर्ग मिळवला. पुण्याच्या साहित्यिकांना पत्रं लिहिली. आपल्यासाठी शाल आणली. पाहुण्यांनी काय बोलावं ते भाषणसुद्धा लिहून ठेवलं, म्हणजे पाहुण्यांची तारांबळ नको.

त्या दिवशी दुपारी सतरंज्या अंथरल्या, टेबलावर फुलदाणी ठेवली, पाहुण्यांसाठी हाताची खुर्ची मांडली. पुण्याची गाडी आली आणि गेली. कुणी उतरलं नाही. मास्तर फेटा बांधून दारात उभे होते. पुढची गाडी असते, म्हणाले. पुढचीही आली. चाळीतले पुरुष या ना त्या निमित्तानं आलेच नव्हते, आमचे हे तेवढे मागे भिंतीला टेकून बसले होते. पण बायका मात्र होत्या. मालकीणबाईंनी घरोघर जाऊन त्यांना आणलं होतं, मळ्यातल्या, चाळीतल्या, कडेवर पोरं घेतलेल्या. मास्तरांच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा त्यांची माया आली. फेट्याखाली त्यांची मान फार बारीक दिसत होती.

शेवटी मालकीणबाई उठल्या. "मास्तर, चालू करा आता," त्या म्हणाल्या. "पुन्याची मानसं न्हाई आली तर न्हाई आली. आमी हाय की. आमाला धारंला जायचंय."

मास्तर वळले. टेबलावरचं भाषण त्यांनी उचललं आणि इकडेतिकडे बघितलं. ते स्वतः वाचणं त्यांच्यासारख्या माणसालाही अवघड गेलं असावं. मग कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. स्पष्ट वाच, एवढंच म्हणाले.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. कागदावर मास्तरांनी मास्तरांविषयी लिहिलं होतं: या शतकात असा प्रतिभावंत झाला नाही, पुढची पिढी ज्यांच्या ओळींनी उजळून निघेल, वगैरे. मी एकही शब्द न गाळता वाचलं. जोडाक्षरं स्पष्ट, विराम जागच्या जागी. त्या बायका स्तुती ऐकत नव्हत्या, हे मला कळत होतं. आपल्यातलीच एक बाई उभी राहून कागद वाचते आहे, हे त्या बघत होत्या.

कागद संपला. खाली बसायचं, तर मला बसवेना.

"यात एक लिहायचं राहिलंय," मी म्हणाले. "मला वाचायला मास्तरांनी शिकवलं."

मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. शाल काकूंनी पुढे केली आणि ती मालकीणबाईंनी मास्तरांच्या खांद्यावर घातली. काकू खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या.

घरी परतताना मास्तर माझ्याबरोबरीनं चालू लागले. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील.

"वाचलंस चांगलं," ते म्हणाले. "पण शेवटी ते घुसडायला नको होतंस. लय तुटली."

मी हो म्हटलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो, पण माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नव्हता, आजही नाही. गर्वाचं घर खाली, असं लहानपणापासून ऐकलेलं. पुढे मी वाचलेल्या कथांतही गर्विष्ठ माणूस शेवटी आपटतोच, आणि शहाणा होतो. मास्तर आपटले नाहीत, शहाणेही झाले नाहीत. त्या दिवसाचं वर्णन त्यांनी पुढे सगळ्यांना असं सांगितलं, की गर्दी इतकी झाली की पुण्याच्या पाहुण्यांना आत शिरता आलं नाही. त्यांना वाचक हवा होता, म्हणून त्यांनी वाचक घडवला. त्यांच्या हव्यासातून मला जे मिळालं ते दुसऱ्या एखाद्या विनम्र, भल्या माणसाकडून मिळालंच असतं असं नाही. भली माणसं चाळीत होती की, पण बाईला वाचायला शिकवावं असं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

वर्षभरानं मास्तर आणि काकू भाच्याकडे नागपूरला राहायला गेले. मी चौथीच्या परीक्षेला बाहेरून बसले आणि पास झाले. मग गावानं बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला, आणि तो चालवायला मला बोलावलं. पिंपरीच्या बाजूला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, आणि लांबलांबून माणसं बायकामुलांसकट येत होती. माझ्या वर्गात सोलापूरकडची एक बाई होती, तोंडातून शब्द काढायलाही लाजणारी. एका दुपारी तिनं अख्खं पान अडखळल्याशिवाय वाचलं. तिच्या चेहऱ्याकडे बघताना माझी छाती अशी फुगली की क्षणभर वाटलं, हे सगळं जग मीच चालवते आहे. मी काही त्या भावनेला आवर घातला नाही. तिला म्हटलं, आता पुढचं पान वाच.