लाखेने सीलबंद केलेला फुटबॉल

आमच्या घरात एक अख्खा हिवाळा इंग्लंडातला फुटबॉल चालला होता, आणि तोही खेळून ऐंशी वर्षं उलटून गेल्यावर. हसू नका. पुण्यात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट आहे, माणसं कशातही रमायची.

झालं असं, की आमचे हे जुन्या बाजारात गेले सायकलचा पंप आणायला आणि घेऊन आले एक जाडजूड बाड. इंग्रजी खेळाच्या साप्ताहिकाचे वर्षभराचे अंक, पुठ्ठ्यात बांधलेले. पंप मिळाला नाही म्हणून हे आणलं म्हणाले. बाडात निघाला फुटबॉलच्या लीगचा पहिलावहिला मोसम. बारा गावचे बारा संघ, पगारी खेळाडू, आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोस्टाच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बाड चाळलंसुद्धा नाही. पहिला अंक मोकळा ठेवून बाकी सगळं सुतळीने बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि सील मारलं. दर शनिवारी पाचाच्या ठोक्याला सील फोडायचं, एकच अंक वाचायचा, पुन्हा सील. निकाल आधी कळला तर मजा काय राहिली, असं त्यांचं म्हणणं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, की निकाल लागून त्या खेळाडूंच्या नातवंडांना चष्मे लागले असतील. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत बसायच्या आणि तिथून असं काहीतरी टाकायच्या. आमच्यात मात्र यायच्या नाहीत.

आमच्यात म्हणजे मामंजी, हे, आणि खालच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर. तिघांत वाद रंगेना, चौथं माणूस हवं म्हणून मला बसवलं. मी सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण वाक्य समोर आलं की पदर सावरून बाजूला व्हायची. इथे पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं होतं, तेव्हा पळणार कुठे? ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. मास्तर शब्दाशब्दाला अडवायचे, पण वाचू द्यायचे. सोमवारपासून मी त्या खुर्चीची वाट बघायची. हे अर्थात कोणाला कळू दिलं नव्हतं. घरात आपल्याला काय आवडतं ते कळलं, की लोक तेच काढून घेण्याच्या गोष्टी करतात.

प्रत्येकाने एकेक संघ धरला. मामंजींचा संघ मोसमभर एकदाही हरला नाही. ते पेठेतून असे चालायचे, जसे काही गोल त्यांनीच मारले. मास्तरांनी लेस विणणाऱ्या गावचा संघ घेतला, कारण तो सगळ्यांत जुना होता आणि अनुभवाला किंमत असते. ह्यांनी कोणाच्या डोळ्यांवर न येणारा, मधला घेतला. मी घेतला मातीची भांडी करणाऱ्या गावचा, माझं माहेर कुंभारवाड्याजवळचं म्हणून.

माझे कुंभार काय खेळले म्हणता! एका सामन्याला दोन गड्यांची गाडी चुकली आणि समोरच्या संघाकडून दोन माणसं उसनी घ्यावी लागली. विरजण मागतात तशी, सासूबाई म्हणाल्या. आणि कहर म्हणजे, मोसम सुरू होऊन कितीतरी आठवडे झाले तरी गुण कसे द्यायचे हेच त्या गोऱ्यांनी ठरवलं नव्हतं. मास्तरांचा त्या शनिवारचा चहा कपातच राहिला. पेपर लिहून झाल्यावर कधी कुठल्या प्रश्नाला किती गुण ते ठरवतात का, असं ते आम्हालाच विचारत होते.

पुढे एका अंकात मामंजींना एक नियम सापडला. तळाच्या चार संघांनी मोसमअखेर बाकीच्यांसमोर उभं राहायचं आणि आम्हाला ठेवून घ्या अशी विनंती करायची. मग मतं पडणार. मामंजींनी तो नियम तिथल्या तिथे घराला लावला. ज्याचा संघ तळाच्या चारांत, त्याने खुर्ची सोडून उभं राहायचं. मत विरुद्ध गेलं, तर पुढच्या मोसमात त्याला जागा नाही. पुढच्या वर्षाचं बाड ह्यांनी जुन्या बाजारात हेरून ठेवलेलं होतं, त्यामुळे धमकी खरी होती.

चैत्रात शेवटचं गुणपत्रक आलं. माझे कुंभार आणि मास्तरांचे विणकर यांचे गुण सारखे! अशा वेळी केलेल्या गोलांना आपल्यावर झालेल्या गोलांनी भागायचं. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तीन दशांश स्थळांपर्यंत भागाकार केला, अगदी चवीने. कुंभार बारावे.

"उभ्या राहा," मास्तर म्हणाले.

मी उभी राहिले. मामंजींनी विनंती करायला सांगितलं. मी म्हटलं, आमचा संघ हरला पण दर वेळी हजर राहिला. गडी कमी पडले तरी आला. आम्ही नसतो तर तुम्ही जिंकला कोणाला असता?

मामंजी जरा विचारात पडले. पण मास्तर म्हणाले की तळ म्हणजे तळ, त्यांचं मत विरुद्ध. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं. ते मी अजून विसरलेले नाही.

तेवढ्यात दारातून गवारीच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला.

"अहो, किती संघांनी उभं राहायचं म्हणाला होतात?" सासूबाईंनी मामंजींना विचारलं.

"चार."

"मग मास्तर बसलेत कसे?"

मास्तरांनी पत्रक जवळ ओढलं आणि बोटाने खालून वर मोजलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने बारा आणि अकरा पुन्हा मोजून पाहिले. मग पेन्सिल खिशात ठेवली, धोतर सारखं केलं आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हलक्या आवाजात मला म्हणाले, की त्यांचं मत ते बदलायला तयार आहेत, माझंही त्यांना मिळेल का? मामंजींनी ऐकलं. उभ्या माणसाला मत नसतं, म्हणाले.

हे तटस्थ, आम्ही दोघं उभे, म्हणजे मत उरलं एकट्या मामंजींचं. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला, पाणी मागितलं. पाणी द्यायला मीच गेले आणि परत येऊन उभी राहिले. शेवटी त्यांनी आम्हा दोघांनाही ठेवून घेतलं.

मग उरलेलं सील फोडलं. तिकडेही चारही संघांना ठेवून घेतल्याची बातमी होती. मास्तर बसले, चहाचा एक घोट घेतला आणि बाड माझ्याकडे सरकवलं.

"वाचा. तुमची पाळी आहे."

मी वाचलं. मास्तरांनी पानभरात मला फक्त तीनदा अडवलं.