जाण्याचा विध्यर्थ

उन्हानं तापलेल्या गच्चीच्या शहाबादी फरशीवर ओल्या बोटाचा एक डाग पडायचा आणि क्षणात वाळून जायचा... त्या जागी आधी खडूची तीन अक्षरं असत. माझी थोरली बहीण, आक्का, 'ते निघतात' हे फ्रेंच क्रियापद लिहायची, त्याच्या शेपटाची ई-एन-टी ही मुकी अक्षरं मला पुसायला लावायची आणि उरलेल्या अंगाला नवे प्रत्यय जोडायची. खालून भाजलेल्या शेंगांचा वास यायचा, उखळातल्या लसणा-तिखटाचा ठसका यायचा — आणि सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर विध्यर्थ तयार व्हायचा.

"घडतं ते वेगळं," ती म्हणायची, "आणि घडावं असं मनात असतं ते वेगळं. आपल्या 'जावं', 'यावं'सारखं."

'जाणे' मात्र या नियमात बसत नसे. 'मी जायला हवं' या वाक्यातलं त्याचं फ्रेंच रूप आमच्या कानांना थेट 'जाय' असं ऐकू यायचं. एकदा मी ते घोकत असताना जिन्यातून आत्या ओरडली, "कुणाला जाय म्हनतीस गं? चार दिस ऱ्हायले तर लई झालं व्हय?"

आक्काला हसू आवरेना. मग हसता हसताच ती म्हणाली, "मीच जाणार आहे, आत्या. पुदुच्चेरीला, पुढचं फ्रेंच शिकायला."

"तितं कोन हाय तुझं? बाप सोडंल व्हय तुझा?"

आप्पांनी सोडलं नाही. ती गेली. महिनोन्‌महिने ते तिच्याशी बोलले नाहीत... ती तिथं शिकली, शिकवू लागली, आणि यंदाच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन तिथंच वारली.

दुखवट्याला आलेलं प्रत्येक माणूस चहाचा कप खाली ठेवत तेच म्हणालं — "हितं असती तर वाचली असती की." आप्पा मान हलवत राहिले. मी वाद घालणारी नव्हे. पण मी मान हलवली नाही.

तिच्या सामानातून आलेल्या एका वहीत काल मला एक नियम सापडला: आनंद किंवा दुःख आधी सांगितलं, की पुढची गोष्ट खरोखर घडलेली असली तरी फ्रेंचमध्ये ती विध्यर्थातच सांगावी लागते. त्याखाली सरावासाठी मोकळी ओळ होती. 'दुःख'ही चाललं असतं. मी 'आनंद' लिहिला.

"काय लिहिलंस?" आप्पांनी विचारलं.

मी आवाज खाली न आणता मराठीत वाचलं, "आक्का, तू या घरातून निघालीस, याचा मला आनंद आहे."