दादाचा उपास

दादा गेल्याचं आम्हाला कळलं ते कापसाच्या हंगामात. मानवतच्या बाजारातून परतलेल्या एका गाडीवानानं सांगितलं. तोवर सगळं उरकलं होतं, आणि कुणी उरकलं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. माणूस गेल्यावर काहीतरी करायचं असतं. आम्हाला करायला काहीच उरलं नव्हतं. म्हणून मी आता लिहितो आहे. मला तेवढंच येतं.

दादा माझा थोरला भाऊ. शिंदीच्या नादात त्याचं घर सुटलं. मानवतला अडत्यांच्या दुकानांपुढं पोत्यांवर निजायचा, हमाली मिळाली तर करायचा आणि संध्याकाळी शिंदीखान्यात बसायचा. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी त्यानं तिथंच दिली. डबीबरोबर लिंगही गेलं. आम्हा लिंगायतांत लिंग नसलेल्या माणसाला पंगतीत जागा नसते. त्यानंतर तो गावाकडं फिरकलाच नाही.

जिंतूरच्या डोंगरात एक मठ होता. तिथले महाराज श्रावण लागण्याआधी बाजारांतून, धर्मशाळांच्या पायऱ्यांवरून अशी माणसं गोळा करत आणि व्यसन सुटावं म्हणून महिनाभर ठेवून घेत. कुणी शिंदीच्या, कुणी गांजाच्या, कुणी अफूच्या आहारी गेलेलं. लोक हसून म्हणत, ‘महाराजांचा कोंडवाडा भरला.’ माझी शाळा संपली त्या वर्षी दादाही त्यात होता. महाराजांनी घरी कळवलं, म्हणून त्याच्या सोबतीला मी जाऊन राहिलो.

मठाचा नेम साधा होता. पहाटे ओढ्यावर अंघोळ, मग भस्म लावून लिंगपूजा. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं आणि नजर न हलवता त्याच्याकडं बघत बसायचं. दुपारपर्यंत मौन. ज्याची पूजा झाली त्यानं जेवायचं. महाराजांनी दादाला नवं लिंग दिलं होतं, पांढऱ्या वस्त्रात बांधून.

शिंदी तुटल्यावर हात थरथरतात, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. दादा उजव्या हातानं डावं मनगट धरून बसायचा. एके सकाळी ते धरूनही भागलं नाही. लिंग घरंगळलं आणि फरशीवर पडलं.

महाराजांनी स्वतः उठून ते उचललं, धुतलं, पुन्हा त्याच्या हातावर ठेवलं. मौन मोडून म्हणाले, “पडलं तर उचलायचं. पोरगं पडलं तर टाकून देतो का आपण?”

दादानं मान हलवली. पण दुपारी तो पंगतीला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

त्याचं कारण महाराजांना माहीत नव्हतं, मला होतं. आमच्या बाबांच्या एका चुलत्याचं लिंग जत्रेच्या गर्दीत पडलं होतं. त्यांनी त्या घटकेपासून अन्न सोडलं आणि तसेच गेले. बाबा दर शिवरात्रीला ही गोष्ट अभिमानानं सांगत. आम्ही दोघं मांडीला मांडी लावून ऐकायचो.

मी दादाला समजावलं. ग्रंथांत काय काय वाचलं होतं ते सगळं सांगितलं. भक्ती आत असते, दगडात नसते, असं बरंच काही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मुनशी,” तो म्हणाला. मी उर्दू शाळेत शिकलो म्हणून तो मला मुनशी म्हणायचा. “तुझं लिंग पडलं तर तू जेवशील का?”

मी लगेच हो म्हणालो नाही. तो हसला.

शेजारी गांजा सोडायला आलेला एक म्हातारा तेली बसला होता. तो म्हणाला, “आरं, आमी इथं गांज्याबिगर मरायलोत अन् तू भाकरीबिगर. भाकर तरी खा की येड्या, ती कुठं सोडायची हाय?”

शेवटी महाराजांनी बाबांना बोलावणं धाडलं. बाबा बैलगाडीनं आले. महाराज त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “तुमी एकदा ‘जेव’ म्हणा. माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल.”

बाबांनी उपरण्याचं टोक चोळलं. मग म्हणाले, “माझ्यानं न्हाई म्हणवत, महाराज.”

ते कठोर नव्हते. सबंध आयुष्य जी गोष्ट सांगत आले ती एका शब्दात खोटी करायची होती, आणि तो शब्द त्यांच्या तोंडातून निघत नव्हता. पंगत बसली तेव्हा त्यांनी आपल्या पुढ्यातली पत्रावळ बाजूला सारली, ते दादाजवळ गेले आणि म्हणाले, “मग मीबी न्हाई जेवत.”

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. बापाला उपाशी बघून पोरगा घास घेईल, एवढंच. दादानं मात्र वेगळं धरलं. संध्याकाळी मला म्हणाला, “माझं पाप बाबा फेडायलेत.”

“तसं नाही रे. तू जेवावंस म्हणून बसलेत ते.”

“ऱ्हाऊ दे, मुनशी. ही पुस्तकातली गोष्ट न्हाई.”

मी बाबांकडं गेलो, तर ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मी म्हणालो, “बाबा, तो उलटं समजायलाय. तुम्ही बोला त्याच्याशी.” बाबा म्हणाले, “काय बोलू?” दोघांच्या मधे पाच-सहा हातांचं अंतर होतं. बाबांना घेरी येत होती, आणि दादा ते बघत होता.

सकाळी तेली सोडून बाकीचे ओढ्यावर गेले तेव्हा तो निघून गेला. घोंगडी घडी करून ठेवली होती. लिंग त्याच्या गळ्यातच होतं. मी जिंतूरच्या रस्त्यानं बरंच लांब जाऊन आलो. परत आलो तेव्हा तेली सांगत होता, “जाताना म्हणला, मी गेलो की म्हातारा जेवंल.”

दुपारी महाराजांनी बाबांना हाताला धरून पंगतीत बसवलं. स्वतः भाकरी वाढली, वरण वाढलं. म्हणाले, “जेवा. त्यानं एवढंच मागितलं हाय.”

बाबांनी घास मोडला. तो हातात धरून त्यांनी महाराजांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तो जेवला आसंल का रं?” त्यांनी विचारलं.

बाबांनी घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत बसले.