सोसायटीचा ठराव

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं अमेरिकेत आहे. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तिथल्या राजकारणावरून आमचं वाजतं. किमान वेतन वाढवलं की धंदे बुडतात आणि सरकारी मदतीने माणसं आळशी होतात, असं त्याच्या पक्षाचं म्हणणं. मी विरुद्ध पक्षाचा. मत द्यायचा अधिकार नाही, तरी नाशकात बसून!

त्या रविवारी मी तापलोच. "अरे, मालक एकी करून मजुरी दाबतात आणि वर गरिबालाच आळशी म्हणतात! लाज कशी वाटत नाही?" भावाने चिडून फोन ठेवला. मी जिंकल्याच्या तोऱ्यात चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

भांडी घासणाऱ्या मावशींनी सगळं ऐकलं होतं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "काका, तिकडंबी सोसायटीची मीटिंग बसती का?"

कामवाल्या बायकांना ठरल्यापेक्षा जास्त पगार कोणीही द्यायचा नाही, हा आमच्या सोसायटीचा ठराव अजून जिन्याखालच्या फळ्यावर आहे. ते वळणदार अक्षर माझं आहे. आणि मावशींना वाचता येतं.