खोडरबर नसलेल्या पेन्सिली

माझी मुलगी जेसामिन आधी बरोबर करते आणि मग घाबरते. जीपनी गाड्यांच्या थांब्यावर सरावासाठी ती टिबूरसियो आजोबांचं बीपी बघायची, आकडा बरोबर सांगायची आणि लगेच, "थांबा, पुन्हा बघते." पट्टा आवळून आवळून दंड लाल झाला की ते ओरडायचे, "अगं, मी मरायच्या आत एक आकडा ठरव!"

आमच्या इलोइलो शहरातल्या तिच्या नर्सिंग कॉलेजात, परवान्याच्या परीक्षेत कोण पास होणार हे आधीच ताडतात. पहिल्या वर्षाचे शरीरशास्त्राचे गुण, सगळ्या वर्षांची सरासरी, शेवटची सराव परीक्षा. त्या हिशेबात जेसामिन नापास होती. डीनबाई म्हणाल्या, "या खेपेला बसू नकोस. कॉलेजचा निकाल खाली येईल."

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "आई, त्यांचंच बरोबर असेल." नापास होण्यापेक्षा मला त्या 'असेल'ची धास्ती वाटली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी कॉर्डेरो मॅडमना गाठलं. वॉर्डात तिला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी सरावाची उत्तरपत्रिका खिडकीच्या उजेडात धरली.

"खोडलेलं दिसतंय? आधी काळे केलेले गोल बहुतेक बरोबर आहेत. तुमच्या या लेकीने खोडून चुकीचे केलेत!"

"मला वाटलं, इतकं सोपं कसं असेल?" जेसामिन पुटपुटली.

"वॉर्डात सुई देताना असं वाटतं?"

"नाही मॅडम. तिथे पेशंट समोर असतो."

"मग कागदावरही पेशंटच बघ, बावळट!"

मॅडमनी डीनबाईंकडे जाऊन स्वतःच्या शब्दावर तिला परीक्षेला बसवलं.

इथल्या सगळ्या आयांसारखं मीही तिच्या पेन्सिली जारोच्या चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणल्या. मग भाजीच्या सुरीने त्यांची गुलाबी रबरं छाटून टाकली.

"आई! आशीर्वादाच्या पेन्सिली कापल्यास?"

"आशीर्वाद टोकाला असतो, बुडाला नाही."

निकालाच्या दिवशी तिने फोनवर पास झालेल्यांच्या यादीत स्वतःचं नाव दाखवलं. माझ्या तोंडून निघालंच, "नक्की तूच ना? पुन्हा बघ."

"मीच आहे," ती म्हणाली आणि फोन खिशात टाकला.

आता कॉलेजच्या फाटकावर पास झालेल्यांचा भलामोठा फलक लागलाय, त्यात तिचा फोटो आहे. आज थांब्यावर टिबूरसियो आजोबांनी बाही वर केली. "चला, परवानावाल्या नर्सबाई!"

तिने पट्टा आवळला, आकडा सांगितला, पट्टा सोडला.

आजोबांनी हात तसाच पुढे धरून ठेवला होता. "पुन्हा नाही बघायचं?"

"नाही आजोबा. मीठ कमी खा."